दर्याचा वाटा

मला मांजरांचं प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या साताऱ्याकडे मांजर म्हणजे दुधाच्या पातेल्यापासून हाकलायचं जनावर. तिच्याशी गप्पा मारायच्या, तिचं घराणं सांगायचं, तिच्यासाठी घरभर जाळ्या ठोकायच्या, हे सगळं मी पहिल्यांदा पाहिलं ते करावे गावात, धर्माबाबांच्या घरी. इतकी वर्षं झाली, पण अजूनही कुणाच्या घरात मांजर समोर आली की माझी नजर आधी तिच्या शेपटीकडे जाते. शेपूट दिसलं की मला बरं वाटतं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही त्यांच्याकडे भाड्याने राहत होतो. माझे यजमान तळोज्याच्या एका कारखान्यात पाळ्या करायचे आणि मी नेरुळच्या शाळेत मराठी शिकवायची. चारी बाजूंनी नव्या मुंबईचे सेक्टर उगवले होते आणि मधे गाव तसंच राहिलं होतं. बाबांचं घर गावाच्या शेवटाला. खाली ते, वर आम्ही. मागे शेवग्याचं झाड, त्यापलीकडे तिवरं, आणि तिवरांतून जाणारी वाट थेट खाडीच्या धक्क्यावर. ओहोटीला चिखलाचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा.

धर्माबाबा बुटके, रुंद, मानेत आखडलेले. जन्मभर मालवाहू जहाजावर भंडारी होते, म्हणजे तिथले स्वयंपाकी. निवृत्त होऊन वर्षं झाली तरी जहाज त्यांच्या अंगातून उतरलं नव्हतं. चालताना पाय फाकवून चालायचे. ताटाखाली ओलं फडकं घातल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत, कारण जहाज हललं तर ताट घसरतं. चहा अर्धाच कप भरायचे. आम्ही कधी चिडवलं, की बाबा, करावं गाव अजून हललेलं नाही, तर म्हणायचे, "हललं तवा फडकं शोधाया जाशील काय?" आणि भरती-ओहोटी त्यांना घड्याळाशिवाय कळायची. आत बसून भाजी निवडता निवडता म्हणायचे, "लागली बग भरती." मी एकदोनदा धक्क्यापर्यंत जाऊन खात्री करून घेतली होती. कधीच चुकले नाहीत.

त्यांची एक सवय मात्र पहिल्या आठवड्यातच माझ्या डोक्यात गेली. मी नवा कुकर आणला होता. जिन्यातच बाबा भेटले.

"बाय, भांडं नवं हाय ना? मंग याचा वाटा काडला का?"

"कसला वाटा, बाबा?"

"दर्याचा." असं म्हणून त्यांनी कुकर माझ्या हातातून घेतला, पायरीच्या कडेवर ठक्कन आपटला आणि पोचा पाडून परत दिला. मी बघतच राहिले. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "ज्यातलं थोडं गेलं, त्याला दर्या पुन्ना हात लावत नाय. जे अक्खं हाय, त्याच्यावर त्याचा डोला असतो."

त्यांच्या घरात अख्खी अशी एक वस्तू नव्हती. नव्या बादलीची कड छाटलेली, नव्या सदऱ्याचं एक बटण तोडलेलं, टीव्हीच्या पेटीवर खिळ्याने ओढलेली रेघ. भाकरीचा पहिला तुकडा खिडकीतून खाडीच्या दिशेने जायचा. स्वतःच्या डाव्या हाताची करंगळी तर नव्हतीच. जहाजावरच्या दोराने ती तरुणपणीच नेली होती. ती जागा दाखवून ते अगदी खुशीत सांगायचे, "माझा वाटा कवाच गेला. तवापासून मी भिनारा नाय." मी यजमानांना म्हटलं, म्हातारा चक्रम आहे. ते म्हणाले, भाडं वेळेवर दे आणि नवीन काही आणलंस तर मागच्या दाराने आण.

आणि या सगळ्या मोडक्यातोडक्या वस्तूंवर राज्य करायची ती मेम.

मेम ही राखाडी मांजर. तिला शेपूट नव्हतं. तुटलेलं नव्हे, कापलेलं नव्हे, मुळात नव्हतंच. पहिल्यांदा दाखवली तेव्हा बाबांनी माझा अंगठा धरला आणि तिच्या पाठीच्या शेवटाला टेकवला. जिथे हाड लागायला हवं तिथे केसांच्या आत मऊ खळगा होता. मी हात झटकन मागे घेतला. तिचं डोकं गोल, पाठ आखूड आणि मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब. घाईत असली की ते दोन्ही एकदम टाकायची, सशासारखी. अंगावर केसांचे दोन थर होते, वरचा राठ, आतला दाट मऊ. म्याव म्हणून ओरडायची नाही, घशातल्या घशात बारीक थरथरता आवाज काढायची. कागदाचा बोळा फेकला तर तोंडात धरून परत आणून द्यायची, अनोळखी माणूस आला तर उंबऱ्यावर उभी राहून गुरगुरायची आणि उरलेला दिवस कपाटाच्या माथ्यावर बसून आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवायची. तिच्या जोडीला तसाच बिनशेपटीचा बोका होता, साहेब. मादी कुठल्याही पिढीतली असो, तिचं नाव मेम. नर म्हणजे साहेब. एक गेली की दुसरीला तेच नाव.

"ही इथली नायत," बाबा सांगायचे. "इंग्लंड आनि आयर्लंडच्या मदी एक बेट हाय. तिथं जहाज फुटलं. मानसं बुडाली, मांजरं पवून बेटाला लागली. दर्यानं त्यांचं शेपूट ठेवून घेतलं आनि त्यांना सोडलं. तवापासून त्यांच्या पोरांना शेपूट नाय." त्यांच्या जहाजावरच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्या बेटावरची जोडी आणली होती. तो नोकरी सोडून गेला आणि जोडी भटारखान्यात बाबांकडे राहिली. निवृत्त होताना तिचा वंश बाबांबरोबर घरी आला.

पुढची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली, बोंबील तळता तळता, कढईवरची नजर न काढता. समुद्र खवळला होता. वर डेकवरच्या माणसांना चहा न्यायचा होता. बाबा किटली घेऊन निघाले तर पहिली मेम दारात आडवी. पाय पुढे टाकला की पंजा मारायची, पोटरी रक्तबंबाळ केली. त्यांचा धाकटा भाऊ काशा त्याच जहाजावर हाताखाली होता. तो हसला, म्हणाला, दादा, तुना मांजर अडवते, आन इकडं. त्याने किटली घेतली. मांजर बाजूला झाली आणि काशा बाहेर पडला. लाट आली ती किटलीसकट त्याला घेऊन गेली.

"मेमनं मना ठेवला," बाबा म्हणाले. "माझा वाटा गेलेला. काशा अक्खा व्हता." मग त्यांनी बोंबील उलटे केले. मला त्या दिवसापासून त्या मांजरीकडे सरळ बघवेना. बाबांकडेही नाही. पण असं असून तो माणूस मला आवडायचा, हेही खरं आहे. मी तापाने पडले तेव्हा त्यांच्या हातची पेज रोज वर आली होती, ओल्या फडक्यावर ठेवून, अर्धा वाडगा.

प्रकाश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या लग्नाला वर्ष होत नाही तोच त्याला मालवाहू जहाजावर नोकरी लागली. बाबांनी नको म्हणून पाहिलं, पण घराण्याचा पेशाच तो. निघायच्या सकाळी आम्हीही खाली गेलो होतो. त्याची बायको रंजना औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. एवढ्यात बाबा आतून मासळीची विळी घेऊन आले. ती जमिनीवर मांडली, तिच्यावर पाय देऊन बसले आणि म्हणाले, "प्रकाश, करंगळी दे."

प्रकाश हसला. बाबा हसले नाहीत.

"निस्तं टोक. नखापातूर."

प्रकाशचं हसू हळूहळू गेलं. तो वडलांच्या समोर उकिडवा बसला आणि अगदी हळू म्हणाला, "बाबा, बोट कापलेलं बगितलं तर मेडिकलला फेल करतील मला. कसला टेन्शन घेता?" हे त्याला कसं सुचलं देव जाणे. मेडिकल बाबांनाही ठाऊक होतं. शेवटी त्यांनी विळी मिटली, कपाटावरच्या मेमकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. मंग ही हाय घरात. ही हाय तवर तुना काय व्हनार नाय."

त्या दिवसापासून त्या घरात दुसरं काही महत्त्वाचं उरलं नाही. मेमचा वंश चालला पाहिजे, तरच प्रकाश परत येईल. बाहेरचा बोका आत शिरू नये म्हणून त्यांनी खिडक्यांना, गच्चीच्या दाराला, न्हाणीच्या झरोक्यालासुद्धा जाळ्या ठोकल्या. मेमला साहेबाशिवाय दुसरा बोका चालणार नव्हता. वंश बाटता कामा नये. पण पिल्लं जगेनात. एका वेळी दोन-तीनच व्हायची. त्यातलं एखादं मेलेलंच यायचं. बिनशेपटीची जी जगायची ती महिन्या-दोन महिन्यांत मागून बसायला लागायची. पुढचे पाय धडपडायचे, मागचे नुसते ओढले जायचे, खालची फरशी ओली व्हायची. "जहाजावरचे पाय हायत, जमिनीवर लागतील," बाबा म्हणायचे. लागायचे नाहीत. शेवग्याखाली माती उकरल्याचा आवाज आला की मी वरची खिडकी लावून घ्यायची. त्या वर्षांत शेवगा शेंगांनी लगडून जायचा. बाबा प्रेमाने शेंगा पाठवायचे आणि मी त्या शाळेत नेऊन वाटून टाकायची.

आणि जी पिल्लं शेपूट घेऊन जन्मायची, धडधाकट, टुणटुणीत, ती खाडीत जायची.

त्यांच्या हिशोबाने ते सरळ होतं. शेपूट आहे म्हणजे दर्याचा वाटा राहिलेला आहे. असं पिल्लू घरात ठेवलं तर तो वाटा दर्या घरातल्या माणसाकडून घेणार. तेव्हा ते अख्खंच द्यायचं. कापडी पिशवी, तिच्यावर हळद-कुंकू, आत खोबऱ्याचा तुकडा, आणि ओहोटी लागली की धक्क्यावर जाऊन, डोळे मिटून, हात जोडून पाण्यात सोडायची. नारळी पौर्णिमेला नारळ देतात तितक्या भक्तीने. पिशवी धरायला रंजना लागायची. एकदा ती परत येताना जिन्याशी थांबली. मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, "पिशवी गरम लागते हो, बाई."

शेवटी रंजनाने आणि मी मिळून त्यांना सेक्टरमधल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मागून लुळं झालेलं एक पिल्लू त्यांच्या मांडीवर होतं. डॉक्टर तरुण होता, पण मन लावून समजावत होता. म्हणाला, शेपूट समुद्राने नेलेलं नाही आणि कुणी तोडलेलंही नाही. त्या बेटावर कधीतरी एक मांजर असं जन्मलं. बेट लहान, मांजरं थोडी, म्हणून तो दोष पसरला आणि पुढे त्याचीच जात झाली. हा दोष एकाच बाजूने आला तर मांजर सहसा जगतं. आई आणि बाप दोघांकडून आला तर पिल्लू पोटातच मरतं. जन्मलेल्यांतही काहींच्या कण्यालाच धक्का बसतो. "जोडीतलं एक शेपटीवालं ठेवा, बाबा. मेमला बाहेरचा बोका दाखवा. आणि शेपूट असलेली पिल्लं देऊन टाकत जाऊ नका. काहींना शेपूट असतं, जरा आखूड नाहीतर गाठीचं, पण गुण आत तोच असतो. त्यांच्या पोटी पुन्हा बिनशेपटीचं होऊ शकतं."

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. उठताना नम्रपणे विचारलं, "डाक्टर, तुमी दर्यावर गेलेव कंदी?"

डॉक्टर नाही म्हणाला. बाबांनी मान हलवली आणि पिल्लू सदऱ्यात गुंडाळून घरी आणलं. ते दुसऱ्या दिवशी शेवग्याखाली गेलं.

त्याच पावसाळ्यानंतर मेमला शेवटची पिल्लं झाली. दोन मेलेली, एक जिवंत. जिवंत होतं त्याला शेपूट होतं. पिशवी झाली, कुंकू झालं, रंजना बरोबर गेली, रिकाम्या हाताने दोघं परत आली. थंडीत साहेबही म्हातारपणाने गेला. आता उरली एकटी मेम, जगातली शेवटची असावी अशा ऐटीत कपाटावर बसलेली. बाबा तिला भरवायचे, तिच्या नाकाशी हात धरून श्वास लागतो का बघायचे. त्या वर्षी रंजना दिवाळे गावी, आपल्या माहेरी, जरा जास्तच जायला लागली. बाबा कुरकुरायचे, पण नवरा जहाजावर असलेल्या पोरीला अडवायचं तरी कसं.

मेम गेली ती पुढच्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या सकाळी. सगळं गाव वाजतगाजत धक्क्यावर निघालं होतं आणि बाबा मागे खड्डा खणत होते. ते त्या दिवशी खाडीवर गेले नाहीत. हात धुऊन येऊन फोनसमोर बसले. फोनखाली त्यांनी ओलं फडकं घातलेलं होतं.

प्रकाश मधूनमधून सुट्टीला येऊन जायचा आणि जहाजावर असला की दर बंदरातून फोन करायचा. तो फोन आता येईना. आठवडा गेला, मग दुसरा. कंपनीच्या कचेरीत विचारलं तर जहाज वाटेत आहे एवढंच सांगायचे. बाबांनी जेवण टाकलं. येईल-जाईल त्याला शांतपणे सांगायचे, "पोरगा गेला माझा." हे रंजनाला रोज ऐकावं लागत होतं. एका दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. "बाई, मी नाय मानत हे सगळं. पण आता मलापन भ्या वाटतं." आणि ती तडक दिवाळ्याला गेली.

संध्याकाळी परत आली ती टोपली घेऊन. मी खालीच होते, बाबांना दोन घास भरवायचा प्रयत्न करत. तिने टोपलीतून एक राखाडी पिल्लू काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते मांडीवरून उतरलं आणि सशासारखं उड्या मारत फरशीवर पळालं. चारही पाय ठणठणीत. बाबांनी ते धरलं. अंगठा पाठीवरून खाली नेला. खळगा लागला. मी त्या माणसाला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"कुटं गावली गो? मेम, माझी मेम. कुटं गावली?"

"दिवाल्याला. माझ्या आईकडं."

"हिची आई कोन?"

मला वाटलं, हिने आता खोटं बोलावं. रस्त्यावर सापडली म्हणावं, काहीही म्हणावं. पण इतक्या पिशव्या धरलेली पोर ती. म्हणाली, "तुमचीच, बाबा. मेमची शेवटची. शेपटीला गाठ व्हती ती."

"ती तर मी दिली."

"पिशवीत ओलं फडकं व्हतं. तुमी डोले मिटले तवा मी तिला पदरात घेतली."

बाबांनी अंगठा पुन्हा त्या खळग्यावर नेला. मग त्यांनी विचारलं, "शेपटीवालीच्या पोटी ही?"

"हो."

"म्हंजी बाकीच्यांच्या पोटी पन..." एवढंच म्हणाले. पिल्लू खाली ठेवलं, न्हाणीत गेले आणि हात धूत राहिले. पाण्याचा आवाज मला वर माझ्या घरात जाईपर्यंत येत होता.

प्रकाशचा फोन तिसऱ्या दिवशी आला. इंजिन बिघडल्याने जहाज भर समुद्रात रखडलं होतं, बाकी सगळे सुखरूप. रंजना हसली, रडली, गल्लीत पेढे वाटले. दिवाळीला तो घरी आला, जाड होऊन, दाढी वाढवून. फक्त बाबा बदलले होते. त्या पिल्लाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, त्याला मेम म्हटलं नाही. ओलं फडकं गेलं. प्रकाशने आणलेला नवा कोरा टेपरेकॉर्डर तसाच अख्खा टेबलावर राहिला आणि कुणी त्यावर साधी रेघ ओढली नाही. मला त्याची जास्त भीती वाटली. प्रकाश जेवत असला की बाबा त्याच्या दहा बोटांकडे बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "बाय, ज्यांनी राखायचं त्यांनाच मी बुडवलं. आता याला राखनारं कोन?" मी म्हटलं, "बाबा, मेम गेल्यावरही तो सुखरूप आलाच ना?" ते माझ्याकडे, शाळेत आपण मंद मुलाकडे बघतो, तसे बघत राहिले.

आम्हाला ऐरोलीत घर मिळालं होतं. प्रकाश पुन्हा जहाजावर निघाला त्याच आठवड्यात आम्ही गाव सोडलं, त्यामुळे माझ्या डोळ्यांनी पाहिलेले बाबा त्या सकाळी संपतात. टॅक्सी दारात उभी होती, औक्षण झालं होतं आणि पाया पडायला बाबा सापडेनात. उशीर व्हायला लागला तसा प्रकाश त्यांच्या खुर्चीला नमस्कार करून निघून गेला. रंजना आणि मी तिवरांच्या वाटेने धक्क्यावर गेलो. पिल्लू तिच्या खांद्यावर होतं.

ते धक्क्याच्या पुढे, चिखलात गुडघाभर रुतून उभे होते. हातात भात आणि मासळीचं ताट. बुडवलेल्या शेपटीवाल्या पिल्लांना त्यांनी कधी नावं दिली नव्हती, म्हणून सगळ्यांना मिळून एकच हाक मारत होते, "या गो, या. जेवाया या." थांबायचे, खाडीकडे कान लावायचे आणि पुन्हा हाक मारायचे.

"बाबा, घरी चला," रंजना ओरडली. धक्क्यावर मासेमारीची जाळी विणत बसलेले दोघे कोळी उठले आणि चिखलात उतरून त्यांच्याकडे निघाले. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त डावा हात वर केला, करंगळी नसलेला, आणि आम्हा सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. भरती लागली होती. पाणी त्यांच्या पायांभोवती चढत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं.